गेट कुणाचं आणि कागद कुणाचा? वाळूजला नव्यानं कामाला लागणाऱ्यांसाठी

गेवराई, परतूर, सेनगाव, कळंब अशा गावांतून पोरं संभाजीनगरच्या बसस्थानकावर उतरतात. एक बॅग, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि गाववाल्याचा मोबाइल नंबर, एवढ्या भांडवलावर वाळूज एमआयडीसीच्या आजूबाजूच्या रांजणगाव, जोगेश्वरी, बजाजनगरातल्या कुणाच्या तरी खोलीवर टेकतात आणि आठवड्याच्या आत कामाला लागतात. मग गावाकडून फोन येतो, "कुठं लागलास?" पोरगं गेटवरच्या पाटीवरचं नाव सांगतं आणि घरचे खूष होतात.

मी अकरा वर्षं टाइम ऑफिसात हजेरी बघितली. पाटीचं नाव सांगणाऱ्या कितीतरी पोरांचा कागदावरचा मालक भलताच असायचा आणि त्यांना ते काम सुटल्यावरच कळायचं. तेव्हा पगाराआधी, ओटीआधी (ओटी म्हणजे ओव्हरटाइम), खोलीच्या भाड्याआधीही एक गोष्ट विचारून घ्या: आपला मालक कोण?

मालक ओळखा

एकाच शेडमध्ये, एकाच मशीनवर चार प्रकारची माणसं उभी असतात. एक ऑन रोल, म्हणजे थेट कंपनीच्या पटावरचा. दुसरा फिक्स्ड टर्म, कंपनीच्याच पटावर पण ठरलेल्या मुदतीपुरता. तिसरा ठेकेदाराचा. चौथा अप्रेंटिस. युनिफॉर्म एक, कँटीनची आमटी एक, पण कायदा प्रत्येकाचा वेगळा.

ओळखायचं कसं? ऑफर लेटरच्या लेटरहेडवर नाव कुणाचं ते बघा. बँकेत पगार कुणाच्या खात्यातून येतो ते बघा. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे पीएफचं पासबुक उघडून आस्थापनेचं नाव वाचा. तिथं मालकानं सरकारला जे सांगितलंय तेच दिसतं. गेटवर काय सांगितलं याला मग अर्थ उरत नाही.

ठेकेदाराकडे असलात म्हणून वाऱ्यावर आहात असं नाही. ठेकेदारानं पगार दिला नाही, कमी दिला किंवा तो पळून गेला, तर ज्या कंपनीत काम केलं तिनं तो भरून द्यायचा असतो. कंपनीनं नंतर ठेकेदाराकडून वसूल करावा, तो त्यांचा प्रश्न. कायद्याच्या भाषेत कंपनीला 'मूळ मालक' म्हणतात. हा शब्द पाठ करा, अर्ज लिहिताना लागतो. आणि अर्जात दोघांचीही नावं घाला.

अप्रेंटिसचं निराळं. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली तुम्ही शिकाऊ आहात, कामगार नाही. मिळतो तो स्टायपेंड, त्यातून पीएफ-ईएसआय (ईएसआय म्हणजे कामगारांचा राज्य विमा) कापलं जात नाही. पण त्यासाठी सरकारी पोर्टलवर करार नोंदवलेला असावा लागतो. नोंदणी क्रमांक मागा. क्रमांक नाही, शिकवणारा कुणी नाही, तीन पाळ्यांत नुसतं प्रॉडक्शन काढून घेतात आणि गळ्यात 'ट्रेनी'चं कार्ड अडकवलंय, असं असेल तर नुसत्या कार्डानं तुम्ही शिकाऊ होत नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं. तेही प्रशिक्षणच. त्यावर नोकरीचा हक्क सांगता येत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

सही करताना

माझ्या मावसभावाचा पोरगा, परतूरचा. गेटवरून फोन केला, "काका, नुसत्या सह्या करायच्या म्हणतायत. वाचायला वेळ नाही, बस निघायलीय." मी म्हटलं, बस जाऊ दे, फोटो पाठव. चौदा ठिकाणी पेन्सिलीनं बरोबरची खूण केलेली होती. अकरावा कागद राजीनाम्याचा. "मी माझ्या घरगुती अडचणीमुळे स्वखुशीने काम सोडत आहे," असा टाइप केलेला, खाली सहीची जागा आणि तारखेची जागा कोरी. कामाचा पहिला दिवस अजून उगवायचा होता आणि पोराचा शेवटचा दिवस त्यांच्या ड्रॉवरमध्ये तयार होता.

त्यानं ती सही केली नाही. सुपरवायझर दोन मिनिटं कुरकुरला आणि कागद बाजूला ठेवला. माणूस हवा असतो तेव्हा एका सहीसाठी कुणी परत पाठवत नाही, हा माझा अनुभव.

तर सह्यांचे नियम. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर, कोऱ्या चेकवर सही नाही म्हणजे नाही. सहीखाली तारीख स्वतःच्या हातानं घाला, मागची तारीख टाकता येत नाही. मधे रिकामी जागा असेल तर आडवी रेघ मारा. प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तो घरच्या एखाद्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, कारण मोबाइल फुटतात. दहावीचं किंवा आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट "ठेवून जा" म्हटलं तर झेरॉक्स द्या आणि मूळ दाखवून परत घ्या.

कामगार कायद्यांच्या चार नव्या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत, 29 जुने कायदे त्यांत गेले. त्यानुसार प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यावंच लागतं, मग तो ठेकेदाराचा का असेना. "आमच्याकडे लेटर द्यायची पद्धत नाही," हे उत्तर आता चालत नाही.

पत्र हातात आल्यावर कुठं थांबून वाचायचं? पद आणि वर्गवारी बघा: कुशल, अर्धकुशल की अकुशल. किमान वेतनाचा दर यावर ठरतो, आणि आयटीआय फिटरला 'हेल्पर' लिहून अकुशलचा दर लावणं हा नेहमीचा प्रकार आहे. उलट बाजूनं डिप्लोमावाल्यांना 'सुपरवायझर' किंवा 'ज्युनियर इंजिनियर' हे नाव आवडतं. पण देखरेखीचं काम आणि पगार महिना 18,000 च्या वर असेल, तर औद्योगिक संबंध संहितेत तुम्ही कामगार धरले जात नाही आणि कामावरून काढल्यावर मिळणारं संरक्षण जातं. वाद झालाच तर नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय करत होता ते बघतात. म्हणून रोज काय काम केलं त्याच्या चार ओळी डायरीत लिहून ठेवल्या तर वाया जात नाहीत.

सुरुवातीची तारीख आणि, फिक्स्ड टर्म असेल तर, शेवटची तारीख बघा. बदलीचं कलम असतंच, "भारतात कुठेही". नोटीसचा कालावधी दोन्हीकडून सारखा आहे का तेही बघा.

बाँड आणि उचल

बाँडला पोरं फार भितात. कंपनीनं खरंच खर्च करून ट्रेनिंग दिलं असेल आणि ठरावीक काळ थांबायचं तुम्ही कबूल केलं असेल, तर त्याआधी सोडल्यावर भरपाई मागता येते. सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षं नोकरी नाही तर दोन लाख, ही अट ग्राह्य धरली. पण तो बँकेतल्या अधिकाऱ्याचा मामला. दोन दिवस मशीन दाखवून 50,000 चा बाँड लिहून घेतला तर 1872 च्या करार कायद्याप्रमाणे वाजवी भरपाईच मागता येते, कागदावरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. आणि "सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या कंपनीत लागायचं नाही" ही अट त्याच कायद्याच्या कलम 27 नं रद्दबातल ठरते.

आपल्या भागात बाँडचा थोरला भाऊ आधीपासून नांदतो, तो म्हणजे उचल. दसऱ्याआधी ऊसतोडीचा मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ रक्कम देतो, शंभराच्या नाहीतर पाचशेच्या स्टॅम्पवर अंगठा घेतो, आणि हंगाम संपला तरी "अजून फिटली नाही" म्हणून पुढच्या वर्षाला बांधून ठेवतो. उचल घेणं गुन्हा नाही. पण ती फिटेपर्यंत माणसाला जबरदस्तीनं कामावर ठेवणं ही वेठबिगारी आहे. 1976 च्या कायद्यानं ती बंद केली आणि त्या वेठबिगारीचं कर्जही रद्द ठरवलं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात निदान एक वही असावी: उचल किती, कोणत्या तारखेला, रोज किती टन तोडला. गाडीमागची वजनाची पावती मागता आली तर उत्तम. ज्या पोरांचे आईबाप कारखान्यावर गेलेत ती पोरं हे सहज करू शकतात. मुकादम नातेवाईक आहे म्हणून वही नको, असं करू नका. नातं आणि हिशोब वेगळे ठेवले की दोन्ही टिकतात.

20,556 चे 14,496 कसे होतात

वर सांगितलेल्या पोरानं पहिल्या स्लिपवर रडकुंडीला येऊन फोन केला. वीस हजार सांगितले होते, हातात साडेचौदा. ती स्लिप माझ्याकडे आहे, वाचून दाखवतो.

बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 14,000. घरभाडं 1,500. इतर भत्ता 1,000. एकूण 16,500. त्यातून कापले: पीएफ 14,000 च्या 12 टक्के म्हणजे 1,680, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 124, व्यवसाय कर 200. उरले 14,496. मग वीस हजार कुठून आले? त्यांनी सीटीसी सांगितली होती, म्हणजे कंपनीचा तुमच्यावर होणारा एकूण खर्च. 16,500 मध्ये मालकाच्या वाट्याचा पीएफ 1,680, मालकाचा ईएसआय 537, बोनसचे दरमहा 1,166 आणि ग्रॅच्युइटीचे (काम सोडताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम) 673 मिळवले की 20,556 होतात. फसवणूक म्हणता येत नाही, पण चलाखी आहेच. म्हणून मुलाखतीत एकच प्रश्न विचारा, "हातात किती?"

तपासायचं ते हे, की मालकाचा 12 टक्के वाटा तुमच्या 16,500 मधूनच तर कापलेला नाही ना. काही ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच पगारातून काढतात. ते बेकायदा आहे. व्यवसाय कर फेब्रुवारीत 300 जातो, घाबरू नका. बाईमाणसाला 25,000 पर्यंत तो लागत नाही, तरी कापला असेल तर विचारा. जून आणि डिसेंबरात कामगार कल्याण निधीचे 25 रुपये जातात, तेही बरोबर.

बेसिक मुद्दाम बारीक ठेवून भत्ते फुगवायचे म्हणजे पीएफ कमी भरावा लागतो, ही जुनी युक्ती. नव्या वेतन संहितेनुसार भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरतात.

किमान वेतनाचा विशेष भत्ता महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत बदलतो. तुम्ही किमान वेतनावर असाल आणि वर्षभर स्लिपवरचा आकडा हललाच नाही, तर काहीतरी गडबड आहे. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत झाला पाहिजे. पंधरा मिनिटं उशीर झाला म्हणून अर्धा दिवस कापणं बसत नाही, जेवढा वेळ गैरहजर तेवढंच कापता येतं. बोनस वर्षात 30 दिवस काम केलेल्यालाही लागू होतो, कमीत कमी 8.33 टक्के. दिवाळीला सोनपापडीचा डबा दिला म्हणून बोनस फिटत नाही.

पीएफ: नाव, नंबर आणि घाई

यूएएन हा पीएफचा 12 आकडी नंबर तुमचा असतो. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला तरी तोच चालतो. पण ठेकेदाराला घाई असते, तो नवीन काढतो, आणि चार वर्षांत पोराकडे तीन यूएएन जमतात. आता उमंग अ‍ॅपवर चेहरा दाखवून स्वतःचा यूएएन स्वतः काढता येतो. तो आधीच काढा आणि प्रत्येक ठिकाणी तोच द्या. ई-श्रम कार्डावरही 12 आकडी यूएएन असतो, तो वेगळा. ही गल्लत मी शेकडो फॉर्मांवर बघितली.

नावाचं स्पेलिंग आधार, बँक आणि पीएफ तिन्हीकडे एक पाहिजे. 'अण्णासाहेब'चं एका ठिकाणी एक एन आणि दुसऱ्या ठिकाणी दोन, एवढ्यावर पैसे अडकतात. कामाला लागताना पाच मिनिटांचं काम असतं, तेच सोडल्यावर पाच महिन्यांचं होतं.

दर महिन्याला पासबुक बघा. स्लिपवर कापलेत पण पासबुकात आले नाहीत, याचा अर्थ ठेकेदारानं तुमचे पैसे वापरलेत. दोन महिने वाट बघा, तिसऱ्याला तक्रार करा.

आणि घाई करू नका. काम सुटलं की पोरं पहिल्यांदा पीएफ काढायला धावतात, नाहीतर मोटारसायकलचा हप्ता थकतो. मला ती अडचण कळते. पण मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 पेन्शनला जातात, आणि पेन्शनचा हक्क लागायला 10 वर्षांची सेवा लागते. दर वेळी सगळं काढलं की मोजणी पुन्हा एकपासून. तेव्हा काढण्यापेक्षा खातं नव्या ठिकाणी ट्रान्सफर करा. जुन्या ठेकेदारानं सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हीच पोर्टलवर टाकू शकता.

बोट गेलं तर

ईएसआय 21,000 पर्यंत पगार असणाऱ्यांना. लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी झाली पाहिजे. ई-पहचान कार्डाची प्रिंट मागून घ्या, आई-वडील, बायको-लेकरं त्यात जोडा. आजारपणात सरासरी मजुरीच्या 70 टक्के, वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतात, पण त्यासाठी आधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी लागते. कामावरच्या अपघाताला मात्र ही अट नाही. पहिल्याच दिवशी प्रेसखाली हात गेला तरी बरा होईपर्यंत 90 टक्के मिळतात. घरून कामावर येता-जाताना झालेला अपघातही यात येतो.

अपघात झाला की ठेकेदाराचा माणूस प्रेमानं म्हणतो, "बाहेरच दाखवू, सगळा खर्च आपला, कुठं लिहायचं नाही." टाके पडतात, आठ दिवस तो चहाही पाजतो, आणि नंतर बोट वाकत नाही तेव्हा ओळखही देत नाही. जखमेचा खर्च किरकोळ असतो. पुढं आयुष्यभर मिळू शकणारा अपंगत्वाचा लाभ त्या न लिहिलेल्या नोंदीत जातो. अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्या, सोबत असलेल्या दोघांची नावं टिपून ठेवा, दवाखान्याच्या केसपेपरवर 'कामावर असताना' असं लिहायला सांगा.

वेळ आणि सुट्टी

आठवड्याला 48 तास. त्यावर केलेलं काम ओटी, दुप्पट दरानं. "सिंगल ओटी" नावाचा प्रकार कायद्यात नाही. आठवड्याला एक सुट्टी. 180 दिवस काम भरलं की दर 20 दिवसांमागे एक भरपगारी रजा. पंचिंगचा फोटो काढता येत नसेल तर कॅलेंडरवर तास लिहा.

दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असतेच, तक्रारीची मुदत तीन महिने. हे मुलींना पहिल्या दिवशी सांगितलं जात नाही, म्हणून इथं लिहिलं.

ब्रेक, काढणं आणि सोडणं

सात महिने झाले की "पंधरा दिवस ब्रेक घे, मग परत ये" असं सांगतात. यामागं 240 दिवसांचं गणित आहे. वर्षात 240 दिवस भरले की सलग एक वर्षाची सेवा धरतात, आणि मग कामगाराला कमी करायचं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, वर प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. कायमचा हक्क मिळू नये म्हणून माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. ते सिद्ध करायला प्रत्येक ब्रेकच्या आधीच्या आणि नंतरच्या स्लिपा लागतात. त्या फेकू नका.

फिक्स्ड टर्मची मुदत संपली आणि पुढं वाढवली नाही, तर ही भरपाई लागू होत नाही. त्याबदल्यात नव्या कायद्यात एक गोष्ट मिळाली आहे: फिक्स्ड टर्मवाल्याला एका वर्षावरही ग्रॅच्युइटी मिळते. बाकीच्यांना पाच वर्षं. हिशोब सोपा, शेवटचा महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं.

तोंडी "उद्यापासून येऊ नको" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी गेटवर जा. आत घेतलं नाही तर त्याच दिवशी कंपनी आणि ठेकेदार दोघांनाही स्पीड पोस्टानं पत्र पाठवा: अमुक तारखेला मी कामावर आलो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. एवढ्या तीन ओळी पुरतात. हे पत्र नसलं की पुढं 'स्वतःहून येणं बंद केलं' असं दाखवलं जातं. तुम्ही स्वतः सोडत असाल तर राजीनाम्याच्या दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. दोन्ही प्रकारांत राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. 'पूर्ण हिशोब मिळाला' या कागदावर आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. कमी वाटत असेल आणि पैशाची नड असेल, तर सहीशेजारी 'तक्रार राखून' असं लिहून घ्या.

दाद कुठं मागायची

पगार, ओटी, बोनस, कामावरून काढणं यासाठी जिल्ह्याचं सरकारी कामगार अधिकाऱ्याचं कार्यालय, संभाजीनगरात कामगार उपायुक्तांचं. पीएफची तक्रार तिथं चालत नाही, ती पीएफ कार्यालयाकडे, ईएसआयची ईएसआयकडे. ही दोन्ही केंद्राची. पोरं एका ठिकाणाहून दुसरीकडे हेलपाटे मारतात ते यामुळंच. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, कामावरून काढल्याच्या वादाला दोन वर्षांची. तरी महिन्याच्या आत जा, कारण साक्ष देणारे मित्र तोवर दुसऱ्या एमआयडीसीत गेलेले असतात.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून बसून राहू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन 15100. जाताना आधार, नेमणूक पत्र, सगळ्या स्लिपा, पीएफ पासबुकाची प्रिंट, गेटपासचा फोटो आणि तारखांचं एक पान न्या: कधी लागलो, ब्रेक कधी, ओटी किती, काढलं कधी. सोमवारी गर्दी असते, मंगळवारी अकराच्या आत पोचा.